साखळी फेरीचं गाव

यंदा स्पर्धा चार देशांत वाटून दिलीय,
भालेराव सर सांगतात, शिट्टी गळ्यात, चष्मा कपाळावर,
एकाला खर्च झेपत नसेल
किंवा चौघांपैकी कुणालाच नाही म्हणवलं नसेल.
प्रेस कॉलनीच्या आमच्या कोर्टावर
अर्ध्या भागात गणपतीचा मांडव,
उरलेल्या अर्ध्यात एकच रिंग, तीही जाळीविना.
मधलं वर्तुळ कनातीखाली शिरतं,
अर्धं आमचं, अर्धं देवाचं.

पोरांना यात नवल वाटत नाही.
अमृत सांडलं तेच मुळी चार गावांत,
आणि आपल्या वाट्याचं परत दोन ठिकाणी,
काही आखाडे रामकुंडावर, काही तिकडे त्र्यंबकला.
“म्हणजे ग्रुप ए आणि ग्रुप बी,” निहाल पगारे म्हणतो,
आणि सर हसू दाबत त्याला दोन फेऱ्या मारायला लावतात.

रात्री स्कोअरटेबलवर फोन उभा करतो, पाण्याच्या बाटलीला टेकवून.
मी शीट लिहिते. सवय जात नाही.
दिवसभर अंबडला व्हॉल्व्ह मोजायचे,
रात्री परक्या माणसांचे फाउल.
नावं उच्चारता येत नाहीत म्हणून नुसते नंबर.
सात नंबर फार रडतो.
चौदा नंबर आमच्या निहालसारखा,
डावीकडूनच घुसणार, कितीही सांगा.
आमच्याकडे नेट जरा मागे चालतं,
सी-बिल्डिंगच्या गच्चीवरून आधी आरोळी येते,
मग इथे चेंडू रिंगभोवती फिरायला लागतो
आणि निकाल ठाऊक असूनही आम्ही
श्वास धरून बसतो.

साखळी संपली.
आता पुढचं सगळं एकाच देशात.
“मग बाकीच्या तिघांचं काय?” मी सहज विचारलं.

सरांनी शिट्टी गळ्यातून काढली.
सत्त्याऐंशी साली राज्य स्पर्धा अशीच वाटली होती,
साखळी इथे, फायनल दुसऱ्या गावात.
त्या गावाचं नाव ते अजून घेत नाहीत.
शरणपूरच्या शाळेत पाहुण्या पोरांच्या गाद्या,
बेंच प्रेसच्या कँटीनमधून,
चुन्याच्या रेघा त्यांनी स्वतः ओढलेल्या, दोनदा.
आमचा संघ साखळीतच गेला गं,
एका बास्केटने.
चौथ्या दिवशी सगळ्यांना एसटीत बसवून दिलं,
हात हलवले,
आणि परत कोर्टावर आलो तर
टेबलावर अर्धं लिंबू.
मुंग्या लागलेल्या.
एवढंच.
मग ते उठून घरी गेले, फोनमध्ये सामना चालू असताना.

मी त्या तीन शहरांचा विचार करत बसले.
कुणीतरी स्क्रू काढत असेल,
लाकडी फरशीच्या फळ्यांवर मागून आकडे घालत असेल
पुन्हा जुळवता याव्यात म्हणून.
पुढच्या आठवड्यात तिथे गाण्याचा कार्यक्रम.
कुंभ उलगडला की तपोवनात असंच असतं,
नळ तेवढे उभे राहतात,
ओळीने, कुणाच्याही घरचे नसल्यासारखे.
जगभर दिसते ती फायनल.
लिंबू ज्याला सापडतं त्याला ते कुठे दाखवता येत नाही.

विसर्जन आणि फायनल एकाच रात्री आली.
मांडव उतरला. सर खराट्याने गुलाल लोटत होते,
लोटला जात नव्हता, नुसता पसरत होता,
रेतीच्या डब्यांचे गंजके गोल मधेमधे.
दहा दिवसांनी पूर्ण वर्तुळ, गुलाबी.
“लावू का सर?” मी फोन दाखवला.
“बॅटरी ठेव,” म्हणाले, “पोरांच्या आया फोन करतील.”

निहाल देवाच्या अर्ध्यात जाऊन उभा राहिला,
तिकडच्या रिंगकडे तोंड करून,
चेंडू दोन वेळा आपटला,
थांबला,
गुडघे वाकवले.
सी-बिल्डिंगच्या गच्चीवरून प्रचंड आरोळी उठली.
चेंडू अजून त्याच्या हातातच होता.